खोडलेलं कारण

माझं स्वतःचं नाव मी अर्धं टाईप केलं आणि मग वाचलं.

सकाळचे अकरा वाजले होते. वकीलसाहेब नेहमीप्रमाणे कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून कोर्टात गेले होते. वर दोन शपथपत्रं, खाली एक नोटीस. बारा वर्षं हे काम करतेय. बोटं पुढे पळतात, डोकं मागून येतं. 'जागा खाली करून देण्याबाबत नोटीस' असा मथळा टाईप केला. खाली मालकाचं नाव. तिथंच हात थांबायला हवा होता, थांबला नाही. मग 'प्रति'. मग 'श्रीमती' आणि पुढे माझं नाव. नावाच्या मध्यावर बोटं अडकली.

पत्ताही माझाच होता. अंबड, वरचा मजला, दोन खोल्या. नोटीस देणारे माझे घरमालक. लिहिणारे माझे साहेब. टाईप करणारी मी. आणि एका महिन्यात जिला घर खाली करायचं होतं, तीही मीच.

मला वाटलं, गडबडीत चूक झाली असेल. दुसऱ्या कुणाला द्यायचा कागद माझ्या गठ्ठ्यात आला असेल. बारा वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांच्याबद्दल पहिला विचार असाच येतो. मी साहेबांचीच बाजू घेत होते. मग कागदाला टाचलेली चिठ्ठी दिसली. 'ही आधी कर. चार वाजता सही आहे.'

साहेबांना विसर पडला नव्हता. त्यांना माझी खात्री होती.

आम्ही वाटूरजवळच्या खेड्यातले. नवरा वारल्यावर मी आईजवळ येऊन राहिले आणि तिथून रोज अंबडला जाऊन येऊन करायची. दोन बस बदलायच्या. पुढे आईचे गुडघे गेले. एकटीला पाणी आणणं होईना. मग मी अंबडात घर बघायला लागले. माणसं दोन, दोघीही बायका, नोकरी कायमची. अशा भाडेकरूला कोण नाही म्हणेल, असं मला वाटायचं.

घर दाखवताना सगळेच चांगले वागतात. नळ सोडून दाखवतात, गच्चीवर नेतात. मग चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतात. आडनाव काय? गाव कोणतं? माझं आडनाव पाटलांतही आहे आणि आमच्या वस्तीतही आहे. म्हणून तिसरा प्रश्न यायचा. पाव्हणे कुठले? म्हणजे तुमची सोयरीक कुणाकुणात. तिथं मी खरं सांगायचे. बोलणं तिथंच संपायचं, कधी कधी कपात चहा अर्धा असायचा. घरच्यांना विचारून कळवतो म्हणायचे. मी फोन केला की जागा कालच गेलेली असायची, आणि 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढं चार महिने तशीच लटकत असायची. असं सात घरी झालं. एक बाई तर म्हणाल्या की आम्ही काही मानत नाही हो, पण शेजारी मानतात. मला एकही वाईट घरमालक भेटला नाही. सगळ्यांचे शेजारीच वाईट.

शेवटी साहेबांना सांगितलं. साहेब साठीचे. शहरातल्या जुन्या, शिकलेल्या घरातले, वडीलही वकील. मला बेटा म्हणायचे. टायपिंगचा क्लास केलेल्या एका घाबरट विधवेला त्यांनी टेबल दिलं, खुर्ची दिली, अर्ज कसा लिहायचा, दावा कसा लिहायचा ते शिकवलं. हे खरं आहे आणि मी ते आजही नाकारत नाही. म्हणूनच जास्त जळतं.

साहेब म्हणाले, "तीर्थपुरीकडचा एक पक्षकार आहे आपला. मोसंबीवाला. अंबडला घर बांधलंय, वरचा मजला खाली आहे. मी शब्द टाकतो. आडनाव तुझं बराबर चालून जातं. गाव सांग अन् गप्प राहा. पुढचं बिलकुल बोलू नको."

मी गप्प राहिले. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी वाटूर ऐकलं आणि स्वतःच नातं जुळवून टाकलं. चुलतीचं माहेर तिकडचंच, म्हणजे तुम्ही घरचेच निघालात, म्हणाले. शेजारी बसलेले साहेब हसले. मीही हसले. अकरा महिन्यांचा करार मीच टाईप केला.

सामान लावताना आईने फोटो बाहेर काढला. निळ्या कोटातला, हातात पुस्तक असलेला. कुणाचा ते सांगायला नको. आमच्या गावच्या घरात देवळी रिकामी होती आणि भिंतीवर तो फोटो होता. मी आईला म्हणाले की थोडे दिवस कपाटात राहू दे. साहेबांनी मला तसंच सांगितलं होतं. आईने जुन्या लुगड्यात फोटो गुंडाळला आणि कपाटात उभा ठेवला. रोज सकाळी कपाट उघडायची, लुगडं बाजूला करायची, हात जोडायची, परत झाकायची. सहा महिने. कपाटाच्या दाराचा आवाज आला की मला लाज वाटायची. मी काय करायची, तर लवकर कामाला निघायची. माझ्याशी दगा नंतर झाला. त्याच्या आधी मी आईशी केला होता.

घर मिळाल्यावर पुढच्याच महिन्यात संविधान दिन आला. साहेबांचं एका कॉलेजात भाषण होतं. ते मी तीनदा टाईप केलं, कारण साहेब दर वेळी काहीतरी बदलायचे. त्यात नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम चार होतं. कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा तिथं राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणी आडकाठी केली, तर तो गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे. तीनदा टाईप केलं म्हणून पाठ झालं. भाषणाला मी शेवटच्या रांगेत बसले होते. घर नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, असं साहेब म्हणाले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फोटो कपाटात होता आणि मी टाळ्या वाजवत होते. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट, आपले साहेब म्हणून ऊर भरून आला होता.

मग उन्हाळा आला. वाळवणाचे दिवस. मालकीणबाईंना मी काकू म्हणते. काकूंची आणि आईची चांगली गट्टी जमली होती. काकू आईला मावशी म्हणायच्या. दोघींनी मिळून गहू भिजवले, चीक काढला आणि गच्चीवर धोतराचं जुनं पान अंथरून कुरडया घातल्या. काकू गरम चीक सोऱ्यात भरून द्यायच्या, आई सोऱ्या दाबायची. आईचे गुडघे गेले, पण हाताला अजून जोर आहे. तुमच्या हातची कुरडई एकसारखी पडते, असं काकू चार शेजारणींना बोलावून सांगायच्या. वाळल्यावर अर्ध्या खाली गेल्या, अर्ध्या वर आल्या. आई त्या दिवसांत खूश होती. म्हातारपणी शहरात मैत्रीण मिळाली म्हणायची.

जयंतीच्या दिवशी सकाळी ठोकण्याचा आवाज आला म्हणून मी उठून पाहिलं. आई स्टुलावर चढली होती. गुडघे गेलेली बाई, एका हातात बत्ता, एका हातात खिळा. मी धावत जाऊन तिला धरलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आज मी बापाला कपाटात ठेवणार न्हाई."

मी तिला खाली उतरवलं आणि राहिलेला खिळा मी ठोकला. हार घातला.

थोड्या वेळाने काकू ताक घेऊन वर आल्या. दारातूनच त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत भिंतीकडे. ताकाचा तांब्या घेऊन तशाच खाली गेल्या. संध्याकाळी आमच्या दारात एक डबा होता. त्यांच्या वाटणीच्या कुरडया, काठोकाठ. काकू जिन्यात दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या.

"मावशी, ह्या तुमच्यापाशीच राहू द्या. आमच्यात आता कुनी खानार न्हाई."

मला वाटलं आई रडेल. तिने डबा आत घेतला आणि तो पुढ्यात घेऊन खाली बसली. मग एवढंच म्हणाली की चीक तर काकूंच्याच हातचा होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. सांगताना रडले. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, मी बघतो, तू काळजी करू नको. मी खरंच काळजी करायची सोडून दिली. आठ दिवसांनी ही नोटीस माझ्या टेबलावर आली. त्यांनी बघितलं ते असं.

आता त्या कागदाबद्दल सांगते. साहेब मसुदा हाताने लिहितात. लांब कागद, काळी शाई. खोडायचं असेल तर एकच सरळ रेघ मारतात. मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे. आणि पक्षकाराची सही झाल्याशिवाय कच्चा मसुदा फाडायचा नाही. बारा वर्षांत मी एकही फाडला नाही. टेबलाशेजारच्या तारेत ओवून ठेवते.

या नोटिशीत कारणाच्या जागी एक रेघ होती. रेघेखाली अण्णांनी सांगितलेलं आणि साहेबांनी स्वतःच्या अक्षरात उतरवलेलं वाक्य होतं. 'भाडेकरूने स्वतःची जात लपवून जागा घेतली असून त्यामुळे घराच्या सोवळ्याओवळ्यास व शेजाऱ्यांच्या भावनेस बाधा येत आहे.' त्याच्या वर बारीक अक्षरात दुसरं वाक्य होतं. 'मालकास सदर जागेची स्वतःच्या राहण्याकरिता वाजवी व प्रामाणिक गरज आहे.'

खोडलेलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वरचं वाचायची गरज नव्हती, ते मला पाठ आहे. अर्धवट झोपेतही टाईप करीन. वाजवी व प्रामाणिक गरज. किती नोटिसांमध्ये टाईप केलं असेल याचा हिशेब नाही. त्या सगळ्या मालकांना खरंच घर हवं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. ते वाक्य कशाच्या वर लिहिलं जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मला ती सिस्टर आठवली. दवाखान्यात काम करणारी, मुसलमान, माझ्याच वयाची. दोन-तीन वर्षं झाली असतील. नोटीस हातात घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली होती, कारण खाली आमच्या ऑफिसचं नाव होतं. तिने विचारलं होतं, "ताई, मालक तर पुण्याला राहून राह्यला. त्याला हितं कशाला पायजे घर?" मी मान वर न करता सांगितलं की मला काय माहीत, मी फक्त टाईप करते. तिने उभ्यानेच नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेली. मी पुढचा कागद घेतला. माझ्यामागे निदान कलम चार आहे. तो कायदा अस्पृश्यतेपुरता. तिच्यामागे तेवढाही नव्हता, आणि समोर बसलेल्या बाईने साधं बसा असंही म्हटलं नाही.

चारला साहेब आले. बरोबर अण्णा. अण्णांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले. झाली का नोटीस, असं साहेबांनी विचारलं. मी उभी राहिले. मी काही शूर नाही.

"न्हाई. मी टाईप करणार न्हाई."

साहेबांनी अण्णांना चहाला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. आवाज खाली आणून, पोरीला समजावतात तसं बोलायला लागले.

"हे बघ बेटा, बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून मीच ठेवली ती तुझ्या टेबलावर. अण्णा तर खरं कारणच लिहा म्हणत होते. मी खोडलं. तुझी अब्रू राखली मी."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते खोटं बोलत असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केला. माझी जात कागदावर आली की माझी अब्रू जाते, हा त्यांचा हिशेब. बारा वर्षं बेटा म्हणताना त्यांच्या डोक्यात हेच होतं. आडनाव चालून जातं म्हणाले तेव्हाही हेच होतं, आणि मी ते माया समजून पदरात घेतलं.

मी म्हणाले, "अब्रू माझी जाणार नव्हती, साहेब. शिक्षा त्यांना झाली असती. तुम्ही त्यांना वाचवलं."

आणि कलम चार म्हणून दाखवलं. त्यांच्याच भाषणातल्या शब्दांत, जिथं ते थांबले होते तिथं थांबून. साहेबांचा चेहरा बदलला. बेटा गेलं, वकील आला. म्हणाले, "कायदा बराबर आहे. पण कारण सिद्ध करावं लागतं. तुझ्याकडं पुरावा काय आहे?"

असं विचारलं आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली.

हात पुढे करून ते म्हणाले, तो इकडे दे. मी दिला नाही. सही झाल्याशिवाय कच्चा मसुदा फाडू द्यायचा नाही, तुम्हीच शिकवलं, असं मी म्हणाले. तो पक्षकाराचा कागद आहे, तुला ठेवता येणार नाही, कोर्टात चालणार नाही, असं ते एकामागून एक सांगत राहिले. मी म्हणाले की त्याच्यावर नाव माझं आहे, पत्ता माझा आहे. चालतो की नाही ते न्यायाधीश सांगतील. मी पर्स उचलली, कागद घडी न करता फाईलमध्ये ठेवला आणि निघाले. मागून साहेब म्हणाले की बारा वर्षांचं हे फळ दिलंस. मी जिन्यात थांबले. परत जाऊन काहीतरी बोलावं असं फार वाटलं. गेले नाही. बाहेर टपरीवर अण्णा चहा पीत होते. त्यांच्यासमोरून गेले, आणि या वेळी मी त्यांच्याकडे नीट बघितलं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता कुठं जायाचं? मी म्हणाले, कुठंच न्हाई. तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, तो डबा काढला आणि कुरडया तळायला घेतल्या. आम्ही दोघींनी पोटभर खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी माझी तक्रार टाईप केली. बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नावाने. कारणाच्या जागी मी ते खोडलेलं वाक्य टाईप केलं. जसंच्या तसं, रेघ न मारता. खाली लिहिलं, सोबत मूळ मसुद्याची प्रत. मूळ कागद माझ्याकडे ठेवला. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि माझ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलले नाही.

नोटीस नंतर पोस्टाने आलीच. दुसऱ्या कुणीतरी टाईप केलेली. माझ्या नावात दोन चुका, पण ती ओळ मात्र अगदी बिनचूक होती. वाजवी व प्रामाणिक गरज. मी ती तारखेसकट तक्रारीला जोडली.

पुढं काय होईल हे मला ठाऊक आहे. हे कागद मी आयुष्यभर टाईप केलेत. पाणी बंद होईल. हे घरमालक-भाडेकरूचं भांडण आहे, दिवाणी आहे, असं मला सांगतील. तारखा पडतील. मीच जात लपवली, मीच फसवलं, असं उलट माझ्याच अंगावर येईल, आणि ते म्हणायला समोर काळ्या कोटात बहुतेक साहेबच उभे असतील. हो, मी गप्प राहिले होते. ते मी कोर्टात सांगणार आहे. गप्प राहायला कुणी शिकवलं, तेही सांगणार आहे.

त्या सिस्टरचं नाव मला आठवतं. जुना पत्ताही आठवतो, मीच टाईप केला होता. दवाखान्यात जाऊन तिला शोधणार आहे. माफी मागायला जाणार नाही, माफीने तिला घर परत मिळत नाही. तिची नोटीस अजून तिच्याकडे असेल, तर ती बघायची आहे.

फोटो भिंतीवर आहे. तो आता कपाटात जाणार नाही. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर आहोत. अकरा महिने संपले की पुढचा करार मी स्वतः टाईप करून अण्णांच्या पुढे ठेवणार आहे. त्यात माझं नाव असेल, गाव असेल, आणि कुणी न विचारता जातही असेल. सही करायची नसेल तर करू नका. पण मला बाहेर काढायचं असेल तर कारण लेखी द्या. खरं कारण, तुमच्या सहीचं. तुम्ही सांगा, मी टाईप करून देते.